पुढचं दार

वॉर्डमधल्या माझ्या पहिल्या आठवड्यात
जो तो म्हणायचा, मेला, मेला,
आणि मी धावत जाऊन खाटा मोजायची.
मग कळलं, माल्टात मेला म्हणजे बरं,
म्हणजे हो, म्हणजे चला आता.
चेन्सा ते दिवसातून शंभरदा म्हणते.
रविवारी सकाळी दात बसवून, लिपस्टिक लावून म्हणाली,
मेला, इम्दिनाला.

बस चढणीला लागली की आधी घुमट दिसतो,
मग तटबंदी, टेकडीच्या माथ्यावर
करपलेल्या पावाच्या कडेसारखी.
खंदकात पाणी नाही. संत्र्याची झाडं आहेत
आणि एक माणूस हिरवळीवर नळी धरून उभा.
पुलावर सगळे थांबून फोटो काढतात.
चेन्सा म्हणाली, ढकल.

इथला दगड मऊ, नखानं ओरखडेल असा,
खाऱ्या वाऱ्यानं पोळ्यागत पोखरलेला.
खुर्चीची पुढची चाकं फरशीच्या सांध्यात अडकतात
म्हणून मी तिला उलटी ओढली.
अशी ती वेशीतून आत आली, पाठमोरी,
जणू गाव सोडून निघालीये.

गल्ल्या मुद्दाम वाकड्या, बाण सरळ जाऊ नये म्हणून,
असं एक गाइड जर्मन लोकांना सांगत होता.
चेन्सानं कानातलं मशीन काढून पर्समध्ये टाकलं.
तिला रस्ता ठाऊक होता.

सहा वर्षांची होती. बोर्मलाला, बंदराला लागून घर.
बाँब पडायला लागले तशी आईनं गाढवाच्या गाडीत
एक गादी, एक शिलाई मशीन, चार पोरं घातली
आणि इकडे वर आली.
मोठ्या घरच्या बाईंनी तबेल्याशेजारची खोली दिली.
पावही दिला, खोटं कशाला बोलू, म्हणते,
दुसऱ्या वर्षी तर त्यांच्याकडेच नव्हता.
फक्त एक सांगितलं होतं:
पुढच्या दारानं यायचं नाही.

दोन वर्षं मागच्या गल्लीतून ये-जा.
पुढच्या दारावर पितळेचे दोन मासे, शेपटी वर करून,
वाजवायला.
ती कोपऱ्यावरून बघायची.
दुपारच्या उन्हात ते चकाकायचे,
भूक लागलेली असली की तळलेले वाटायचे.

आता तिथे म्युझियम आहे.
तिकीट सहा युरो, म्हाताऱ्यांना साडेचार.
तिनं नाणी मोजून दिली, मला देऊ दिली नाहीत,
मशीन परत कानात घातलं.
दाराशी लायडन नावाचा पोरगा, एका कानात डूल,
तोंडभर हसून म्हणाला,
नान्ना, व्हीलचेअरसाठी रॅम्प आहे ना,
मागच्या गल्लीतून.

मी तिच्याकडे बघितलं नाही.
तटावरच्या पारव्यांकडे बघितलं.

दोनच पायऱ्या होत्या.
फिजिओच्या कागदावर लिहिलंय, पायऱ्या नकोत.
चेन्सानं ब्रेक लावला.
लायडनला म्हणाली, आत जा. दार लाव.
तो गोंधळला, पण आजीनं सांगितलं की ऐकायचं
हे त्याला घरून माहीत असावं.
दार लागलं. मागे रांग थांबली,
कुणीतरी घड्याळ बघितलं.

माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून ती उठली.
एक पायरी. मग श्वास.
मग दुसरी.
मासा उचलला आणि तीनदा आपटला,
इतक्या जोरात की पारवे उडाले.

आतून, जरा घाबरतच: कोण आहे?

बोर्मलाची चेन्सा.
शिवणाऱ्या मारीची.

दार उघडलं.
आत थंडगार अंधार होता, चौकात एक विहीर,
कोपऱ्यात पोस्टकार्डांचं फिरतं कपाट.
तिनं मान किंचित हलवली,
जसं कुणी यजमानाला हलवतं,
आणि वळून खुर्चीत येऊन बसली.

मेला, म्हणाली, आता मागनं ने.
पैसे दिलेत.

तबेल्याच्या जागी स्वच्छतागृह आहे.
तिनं आत जाऊन नळ सोडून बघितला,
साबण आहे का तेही.

रात्री नाडी बघायला मनगट धरलं,
तर बोटांना पितळेचा वास.
चार्टवर नेहमीसारखं लिहिलं, ब्याऐंशी.